विश्लेषण : घटस्फोटातील पैशांचा वाद आपसात मिटवता येतो? कागद कुठे कच्चा राहतो?

घटस्फोटाची बातमी झाली की चर्चा पोटगीच्या आकड्याची होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला ५ कोटी, तर दुसऱ्या प्रकरणात १२ कोटी रुपयांची एकरकमी पोटगी मंजूर केली, तेव्हाही तेच झाले. मध्यमवर्गीय घरांतला प्रश्न मात्र कोटींचा नसतो. दोघांच्या नावावरचा फ्लॅट, त्यावरचे उरलेले कर्ज, सासूच्या लॉकरमधले दागिने, मुलाची शाळेची फी आणि नोकरी सोडलेल्या पत्नीचा महिन्याचा खर्च, असा तो असतो. त्यासाठी वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा ‘बसून मिटवू’ असे अनेक जोडपी ठरवतात. हा मार्ग कायद्याला मान्य आहे आणि न्यायालयेही त्याला प्रोत्साहन देतात. पण बंद खोलीत ठरलेला हिशेब दोन गोष्टींवर टिकतो : दोघांनी पूर्ण माहिती समोर ठेवली होती का आणि ठरलेल्या कागदावर न्यायालयाची मोहोर उमटली का. यापैकी एक जरी राहिली तरी मिटलेला वाद काही वर्षांनी पुन्हा उभा राहू शकतो.

‘आपसात मिटवणे’ म्हणजे नेमके काय?

याचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी आणि वकील बसून रक्कम ठरवतात. दुसरा, दोघे मिळून एखादा प्रशिक्षित खासगी मध्यस्थ नेमतात. तिसरा, अर्ज दाखल झाल्यावर न्यायालयच प्रकरण समुपदेशक किंवा मध्यस्थाकडे पाठवते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत त्यासाठी विवाह समुपदेशक असतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वैवाहिक वाद आधी मध्यस्थीकडे पाठवण्याचे निर्देश दिले होते.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना बोलते करतो, पर्याय मांडतो, आकडा मात्र दोघांनीच ठरवायचा असतो. लवादाचे तसे नाही, तो निवाडा देतो. इंग्लंडमध्ये विभक्त होणाऱ्या जोडप्यांच्या पैशांच्या वादासाठी खासगी लवाद नेमता येतो. भारतात घटस्फोट, न्यायिक विभक्तता आणि मुलांचा ताबा हे विषय लवादाकडे नेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आपल्याकडे ‘खासगीत मिटवणे’ याचा व्यवहारातला अर्थ मध्यस्थी आणि त्यानंतर परस्पर संमतीचा घटस्फोट असाच होतो.

नोटरीचा कागद का चालत नाही?

पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘आम्ही राजीखुशीने विभक्त होत आहोत, यापुढे एकमेकांवर हक्क नाही’ असे लिहून नोटरीकडून शिक्का मारून घेण्याची पद्धत शहरांतही दिसते. या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. काही समाजांत काडीमोड किंवा फारकतीची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याने अशा रूढीला जागाही ठेवली आहे. पण ती रूढी खरोखर प्रचलित आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर असते. ते जमले नाही तर दुसरे लग्न बेकायदा ठरते आणि पहिल्या पत्नीचा पोटगीचा हक्क तसाच राहतो.

कायदेशीर मार्ग हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी कलम २८ आहे. दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असतील तर संयुक्त अर्ज करता येतो. त्यासोबत ‘कन्सेंट टर्म्स’, म्हणजे सहमतीच्या अटी, जोडल्या जातात. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. सर्व मुद्दे खरोखर मिटले असतील आणि समेटाची शक्यता नसेल, तर न्यायालय हा काळ माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. त्यामुळे पैशांचा हिशेब आधीच पूर्ण मिटलेला असेल तर प्रक्रिया लवकर संपू शकते.

एक बाब अनेकांना माहीत नसते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. त्यामुळे सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देणे किंवा सगळे खटले पहिल्याच दिवशी मागे घेणे, दोन्ही धोक्याचे. व्यवहारात रक्कम टप्प्यांत दिली जाते : काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी, काही अंतिम सुनावणीला आणि उरलेला फौजदारी प्रकरण रद्द होताना. डिमांड ड्राफ्ट न्यायाधीशांसमोर दिला जातो आणि त्याची नोंद कामकाजात होते.

भारतात ‘निम्मे-निम्मे’ का नाही?

घटस्फोट झाला की नवऱ्याच्या संपत्तीचा अर्धा वाटा पत्नीला मिळतो, असा समज सिनेमा आणि परदेशी बातम्यांमुळे रुजला आहे. महाराष्ट्रात तसे नाही. मालमत्ता ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशांतून, त्याची. पत्नीला पोटगीचा आणि राहण्याच्या जागेचा हक्क आहे, मालकीत आपोआप वाटा नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते, पण लोकसभेत मंजूर न होताच ते बारगळले.

शेजारच्या गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज काळातील १८६७ च्या नागरी संहितेची परंपरा आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. सावंतवाडीतले आणि पेडण्यातले जोडपे वेगळे होताना एकाच प्रकारच्या फ्लॅटचा हिशेब वेगळ्या पद्धतीने होतो तो यामुळे.

या फरकाचा वाटाघाटींवर थेट परिणाम होतो. महाराष्ट्रात ज्या व्यक्तीच्या नावावर काही नाही, तिच्या हाती वाटाघाटीत फारसे काही नसते. पंधरा वर्षे घर सांभाळले, नवऱ्याच्या बदल्यांमुळे नोकरी सोडली, याची किंमत कोणत्याही दस्तात लिहिलेली नसते. ती पोटगीच्या आकड्यातच मागावी लागते.

आकड्याआधी कोणती माहिती हवी?

याबाबत महत्त्वाचा निकाल नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. उत्पन्न, महिन्याचा खर्च, बँक खाती, ठेवी, शेअर, घरे, कर्जे, अवलंबून असलेल्या व्यक्ती, असे सगळे त्यात लिहावे लागते. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी, हेही याच निकालात ठरले.

खासगी बैठकीत हे प्रतिज्ञापत्र मागणारा न्यायाधीश नसतो. मध्यस्थाला बँकेकडून कागद मागवण्याचा अधिकार नाही. इथेच ज्याच्याकडे घरातल्या पैशांची माहिती असते, त्याचे पारडे जड होते. अनेक घरांत पगाराचा नेमका आकडा, दुकानाची रोख विक्री, गावाकडची जमीन, भावाच्या नावावर घेतलेला प्लॉट हे पत्नीला माहीत नसते. उलट बाजूही आहे. पत्नीची मुक्त स्वरूपाच्या कामातली कमाई किंवा माहेरून मिळालेली मालमत्ता पतीला ठाऊक नसते.

यावर सोपा उपाय असा, की मध्यस्थीच्या पहिल्याच बैठकीत दोघांनी न्यायालयाच्याच नमुन्यातले प्रतिज्ञापत्र एकमेकांना द्यायचे मान्य करावे. पडताळणीसाठी काही नोंदी सहज मिळतात. पगारदाराचा फॉर्म १६, प्राप्तिकर पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरण, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि शेअर-म्युच्युअल फंडांचे एकत्रित विवरण हे ज्याचे त्याने पाच मिनिटांत काढून द्यायचे कागद आहेत. स्वतःच्या नावावर किती कर्जे आहेत, हे क्रेडिट अहवालात दिसते आणि तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. जमिनीचा सात-बारा आणि घराच्या दस्ताची सूची क्रमांक २ महाराष्ट्रात ऑनलाइन पाहता येते.

सहमतीच्या अटींत एक ओळ असायलाच हवी : दोघांनी जाहीर केलेल्या माहितीवर हा करार आधारलेला आहे आणि काही लपवल्याचे पुढे आढळले, तर दुसऱ्याला दाद मागण्याचा हक्क राहील. फसवणूक करून मिळवलेल्या हुकूमनाम्याला आव्हान देता येते. पण त्या वेळी नेमके काय जाहीर केले होते, हे कागदावर असेल तरच ते सिद्ध करणे सोपे जाते.

पोटगी एकरकमी की दरमहा?

पोटगीचे ठरलेले सूत्र कायद्यात नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली होती, म्हणून हा आकडा वकिलांच्या तोंडी असतो. तो नियम नाही. दोघांचे उत्पन्न, शिक्षण, लग्नाचा काळ, मुले, आजारपण, करिअरचा त्याग आणि पतीवरच्या इतर जबाबदाऱ्या, हे सगळे पाहिले जाते. १२ कोटींच्या प्रकरणातही, घटस्फोटानंतर वाढत गेलेल्या पतीच्या श्रीमंतीशी कायम बरोबरी मागता येणार नाही, असे न्यायालयाने सुनावले होते.

वाटाघाटीत खरी चूक होते ती दरमहाच्या रकमेचे एकरकमी रकमेत रूपांतर करताना. समजा, दरमहा २० हजार रुपये, १५ वर्षे, असे ठरत आहे. सरळ गुणाकार केला तर ३६ लाख होतात. पण आज मिळालेले पैसे गुंतवता येतात. वर्षाला ७ टक्के परतावा धरला तर या १८० हप्त्यांची आजची किंमत सुमारे २२ लाख २५ हजार रुपये भरते. देणारा हाच आकडा पुढे करतो आणि गणित म्हणून तो बरोबरही असतो.

मात्र त्यात महागाई धरलेली नाही. पंधरा वर्षे किराणा, भाडे आणि औषधे एकाच भावात मिळणार नाहीत. दरमहाची रक्कम दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर त्याच हप्त्यांची आजची किंमत सुमारे ३० लाख होते. म्हणजे ‘दर वर्षी वाढ’ हे तीन शब्द कागदावर आहेत की नाहीत, यावर पावणेआठ लाखांचा फरक पडतो. बैठकीला जाण्याआधी हे गणित फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये करून पाहता येते.

दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे वेगळे आहेत. एकरकमी रक्कम घेतली की वसुलीची चिंता संपते आणि पुढे दुसरे लग्न झाले म्हणून ती परत मागितली जात नाही. दरमहाची रक्कम परिस्थिती बदलल्यास वाढवून किंवा कमी करून मागता येते. पुनर्विवाहानंतर ती बंद करण्यासाठी अर्ज होऊ शकतो. शिवाय हप्ते थकले तर दर वेळी वसुलीसाठी न्यायालयात जावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची, म्हणजे पूर्वीच्या कलम १२५ ची, थकबाकी वॉरंटद्वारे वसूल करायची असेल तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

करातही फरक आहे. घटस्फोटाची एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची असल्याने ती करपात्र उत्पन्न नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. दरमहाची पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते. देणाऱ्याला दोन्हींपैकी कशावरही करात वजावट मिळत नाही.

घर एकाचे, कर्ज दोघांचे : काय करावे?

पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या नोकरदार जोडप्यांमध्ये सर्वाधिक गुंता इथे होतो. समजा, फ्लॅटची किंमत ९० लाख आहे आणि कर्ज ५० लाख बाकी आहे. निव्वळ किंमत ४० लाख. दोघांनी समान हप्ते भरले असतील तर प्रत्येकाचा वाटा २० लाख. फ्लॅट एकाने ठेवायचा ठरला तर त्याने दुसऱ्याला २० लाख द्यायचे आणि ५० लाखांचे कर्ज एकट्याने फेडायचे. ८.५ टक्के व्याजाने आणि १५ वर्षांच्या मुदतीने त्याचा हप्ता सुमारे ४९ हजार २०० रुपये येतो. एका पगारावर बँक एवढे कर्ज ठेवू देईल का, हे ‘फ्लॅट मला’ म्हणण्याआधी बँकेत जाऊन विचारायला हवे.

कारण सहमतीच्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. ‘यापुढे हप्ते पती भरेल’ असे न्यायालयाच्या कागदावर लिहिले तरी पत्नी सहकर्जदार असेपर्यंत बँक तिच्याकडेही पूर्ण वसुली मागू शकते. हप्ता चुकला की दोघांचाही क्रेडिट स्कोअर घसरतो. तिला नवे घर किंवा वाहन घेताना पुढच्या कर्जाला तो आडवा येतो. म्हणून नाव वगळल्याचे बँकेचे पत्र मिळणे ही अंतिम हप्त्याची अट असावी. बँक तयार नसेल तर कर्ज दुसरीकडे हलवणे किंवा घर विकून पैसे वाटून घेणे, हेच मार्ग उरतात.

मालकी बदलण्यासाठी वेगळा दस्त लागतो. महाराष्ट्रात पती किंवा पत्नीला राहते घर बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च आणि लागू असेल तिथे स्थानिक अधिभार वेगळा. पण ही सवलत ‘पती-पत्नी’ या नात्याला आहे. हुकूमनामा झाल्यावर ते नाते उरत नाही आणि पूर्ण दराने शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते. प्राप्तिकरातही जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त असते, पूर्वीच्या जोडीदाराला ‘नातेवाईक’ मानले जात नाही. त्यामुळे हस्तांतर कधी करायचे, हे आधी ठरवावे लागते. दस्ताची भाषाही महत्त्वाची. बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेली वस्तू. पोटगीच्या बदल्यात घर दिले असे लिहिले, तर ते बक्षीस राहते का, हा प्रश्न दुय्यम निबंधक विचारू शकतो.

आणखी एक बारकावा. सहमतीच्या हुकूमनाम्यात एखादे घर आले, पण ते मूळ अर्जाचा विषयच नव्हते, तर नोंदणी कायद्यानुसार तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. म्हणून घराचा पूर्ण तपशील, अगदी सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या क्रमांकासह, मूळ अर्जात असणे चांगले.

दागिने, पीएफ, विमा यांचे काय?

लग्नात आणि लग्नानंतर पत्नीला मिळालेले दागिने व भेटी हे तिचे स्त्रीधन. ते पती-पत्नीची सामायिक संपत्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितले. म्हणजे स्त्रीधन परत देणे ही पोटगी नव्हे. बैठकीत ‘दागिने दिले, आता रक्कम कमी करा’ असे मांडले जाते तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा. दागिन्यांची यादी वजनासह, लग्नातले फोटो आणि सराफाच्या पावत्या जोडून करावी. ताबा मिळाल्याची पावती त्याच दिवशी लिहून घ्यावी.

भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड हे हिशेबात धरले जातात, पण त्यांच्यावरचे वारस नामांकन बदलायचे राहून जाते. घटस्फोटाने सगळीकडचे नाव आपोआप निघेल असे गृहीत धरू नये, ते प्रत्येक ठिकाणी बदलून घ्यावे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली विमा पॉलिसी मात्र वेगळी असते. ती पत्नी आणि मुलांसाठीचा विश्वस्त निधी मानली जाते, पतीला त्यातला हक्क परस्पर बदलता येत नाही. क्रेडिट कार्डची जोडकार्डे, संयुक्त खाती आणि एकमेकांच्या व्यवसाय कर्जाला दिलेल्या हमी, याही यादीत हव्यात.

काय सोडून देता येत नाही?

‘यापुढे पोटगी मागणार नाही’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मसुद्यात असते. योग्य मोबदला मिळालेला असेल आणि न्यायालयाने ते मान्य केले असेल तर त्याला वजन असते. पण न्यायालयाबाहेरच्या कागदावर, काहीही न घेता भविष्यातला पोटगीचा हक्क सोडणे हे सार्वजनिक धोरणाच्या विरोधात मानले गेले आहे. अशा कागदानंतरही पोटगीचे अर्ज ऐकले गेले आहेत. म्हणून कमी रक्कम देऊन ‘सुटलो’ असे समजणाऱ्या पतीलाही हा कागद संरक्षण देत नाही.

मुलांच्या खर्चाचा हक्क मुलांचा असतो. आईने किंवा वडिलांनी तो आपल्या तडजोडीत सोडून देता येत नाही. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर हिंदू कायद्यानुसार वडिलांची जबाबदारी ती सज्ञान झाल्यावरही राहते. त्यामुळे मुलांचा खर्च वेगळ्या परिच्छेदात लिहावा : शाळेची फी, तिची वार्षिक वाढ, वैद्यकीय विमा, बारावीनंतरच्या शिक्षणाचा वाटा.

मुस्लिम दाम्पत्यांत खुला किंवा मुबारात या मार्गांनी परस्पर विभक्त होता येते. तिथेही मेहर आणि पुढच्या तरतुदीचा प्रश्न उरतो. घटस्फोटित मुस्लिम महिलेला फौजदारी संहितेखालची पोटगीही मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले.

फौजदारी तक्रार असेल तर?

छळाची तक्रार, म्हणजे पूर्वीचे कलम ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, महाराष्ट्रात दोघांच्या तडजोडीने आपोआप मागे घेता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. वाद खरोखर मिटला असेल तर न्यायालये असे गुन्हे रद्द करतात. पण तक्रारीचा आणि पैशांचा सौदा एकाच बैठकीत होतो तेव्हा दोन्ही बाजूंवर दडपण येते. अटकेच्या भीतीने जास्त रक्कम मान्य होते किंवा मुलाला भेटू देणार नाही या भीतीने कमी रकमेवर सही होते.

मारहाण होत असेल, बाईला घराबाहेर काढलेले असेल, तर समोरासमोरच्या वाटाघाटी हा पहिला मार्ग असू शकत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा आदेश आणि तातडीचा खर्च आधी मागता येतो. सुरक्षित जागा आणि हातात थोडे पैसे असलेली व्यक्तीच मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकते. तडजोड नंतरही करता येते.

जात पंचायतीसमोर ‘खासगीत’ मिटवण्याचा दबाव हाही याच प्रकारातला. पंचायतीचा निर्णय मानला नाही म्हणून वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मध्यस्थी कायद्याने काय बदलले?

संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा मंजूर केला. न्यायालयात जाण्याआधीच्या मध्यस्थीत झालेल्या कराराला हुकूमनाम्यासारखी ताकद देणे, बैठकीतले बोलणे गोपनीय ठेवणे आणि १२० दिवसांची मुदत, अशी त्याची रचना आहे. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातील निवडक कलमेच लागू करण्यात आली आणि कराराला हुकूमनाम्याचा दर्जा देणारे कलम त्यात नव्हते. तसेच कोणताही खासगी करार घटस्फोट देऊ शकत नाही, तो न्यायालयच देते. लोकन्यायालयातही पोटगीसारखे वैवाहिक वाद मिटतात, घटस्फोट मात्र त्यांच्या कक्षेबाहेर आहे.

गोपनीयतेसाठी न्यायालय टाळावे लागते, हा समजही पूर्ण खरा नाही. कौटुंबिक न्यायालयात एका पक्षाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. खर्चाचा अडसर असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

सहीपूर्वी काय तपासावे?

- दोघांचे वकील वेगळे आहेत का? एकाच वकिलाने दोघांचा मसुदा करणे स्वस्त पडते, पण तो दोघांच्या हिताचा सल्ला देऊ शकत नाही.

- मालमत्ता-देण्यांची दोघांची प्रतिज्ञापत्रे जोडली आहेत का?

- प्रत्येक रकमेपुढे तारीख, देण्याची पद्धत आणि उशीर झाल्यास व्याज लिहिले आहे का?

- दरमहाची रक्कम असेल तर वार्षिक वाढ आहे का?

- कर्जातून नाव वगळल्याचे बँकेचे पत्र कोण आणि कधीपर्यंत आणणार?

- दोन्ही बाजूंच्या सर्व खटल्यांचे क्रमांक आणि ते कोणत्या टप्प्यावर मागे घ्यायचे, हे लिहिले आहे का?

- मसुदा आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवला गेला का?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सहमतीच्या अटी बहुधा इंग्रजीत असतात आणि सही मराठीत होते. मसुद्याचे मराठी भाषांतर मागणे आणि तो घरी नेऊन दोन दिवस वाचणे, यात कोणाचाही अपमान नाही. ‘आजच सही करा, नाहीतर ऑफर संपली’ असे म्हटले जात असेल, तर तारीख पुढे ढकलून मागावी. संमती मोकळेपणाने दिली आहे का, हे परस्पर संमतीच्या अर्जात न्यायाधीश स्वतः विचारतात. काही कळले नसेल, काही लपवले जात असेल किंवा दडपण असेल, तर ते सांगण्याची ती जागा आहे. हुकूमनामा झाल्यावर तेच मुद्दे मांडायला नवा खटला लागतो.